उलट्या पिळाचं पांघरूण

ज्या दिवसांत माणसं सौदीतून मिळेल त्या विमानानं बाहेर पडत होती, त्याच दिवसांत माण तालुक्यातल्या अहिल्याबाई आत शिरल्या. कुवेत इराकनं गिळलं होतं, पुढचा घास कुणाचा याच्या गप्पा पेपरात रोज रंगत होत्या, आणि विमान निम्मं रिकामं होतं. शेजारच्या खुर्चीवर अहिल्याबाईंनी आपलं बोचकं टेकवलं. विमानातल्या पोरीनं ते वर ठेवायला सांगितलं तेव्हा म्हणाल्या, "बसू दे की बाई. त्या खुर्चीचा धनी भिऊन घरी ऱ्हायलाय."

बोचक्यात काळीभोर लोकर होती, स्वतःच्या मेंढरांची. त्यांच्या धनगरवाड्याची रीत अशी की पहिल्या नातवंडाला आधी आजीच्या हातच्या सुताच्या घोंगडीवर टेकवायचं, मगच पाळण्यात घालायचं. आणि ते सूत एका हाताचं लागतं. ज्या हातानं टकळी फिरवायला घेतली त्याच हातानं ते संपवायचं. मध्ये दुसऱ्याचा धागा शिरला की लेकराच्या नशिबाला गाठ पडते म्हणतात. खरं-खोटं बिरोबाला ठाऊक. अहिल्याबाईंच्या सासूनं ते पाळलं होतं, आणि सासूनं पाळलेलं मोडायची अहिल्याबाईंच्या घरात आजवर कुणाची छाती झाली नव्हती, खुद्द अहिल्याबाईंचीसुद्धा.

धाहरानच्या विमानतळावर बोचकं सुटलं. तिथल्या माणसानं टकळी भोवऱ्यासारखी फिरवून पाहिली, हसला आणि परत दिली. लोकर मात्र जनावराची म्हणून ठेवून घेतली. काचेपलीकडे लेक उभा होता. हरीश. शेजारच्या खोबर शहरातल्या एका इस्पितळात रक्त-लघवी तपासायच्या खोलीत नोकरीला.

"जाऊ दे आई," तो म्हणाला, "दुकानातनं आणू लोकर."

"दुकानात मेंढरं बांधलेली असत्यात व्हय रं?"

दुकानात मेंढरं नव्हती. रंगीबेरंगी गुंडे होते. सून रेखा त्याच इस्पितळात नर्स. ती अशाच एका पिवळ्या गुंड्यातून टोपडं विणत बसली होती. अहिल्याबाईंनी धागा बोटांत चोळला, नाकाला लावला.

"ही मेंढी प्लास्टिक खात हुती काय गं?"

रेखा हसली. पोट दिसायला लागलं होतं, पण हसताना तिचा हात आपोआप पोटावर गेला आणि तिथंच राहिला, जसा काही तो उचलला तर आतलं निसटेल. ते अहिल्याबाईंनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

कारण खरी गोष्ट घोंगडीची नव्हतीच. दोन वेळा रेखाची कूस रिकामी झाली होती. दोन्ही वेळा याच परक्या गावात, नवरा ड्युटीवर आणि शेजाऱ्यांची दारं लावलेली. दुसऱ्या वेळी पोस्टातल्या फोनवर अहिल्याबाई उभ्या होत्या आणि पलीकडून सून काही बोललीच नव्हती, नुसता श्वास घेत राहिली होती. तो श्वास ऐकता ऐकता त्यांनी ठरवून टाकलं की पुढच्या खेपेला आपण तिथं असायचं. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. माया सांगायची नसते, तिनं माणूस शेफारतं. सांगितलं ते घोंगडीचं.

आता लोकर गेली, म्हणजे सांगायचं कारणच गेलं. अहिल्याबाई दोन दिवस गॅलरीत बसून क्वार्टर्सच्या मागच्या भिंतीकडे बघत राहिल्या. भिंतीपलीकडे एक बैठं घर होतं, अंगण होतं, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी त्या अंगणात काहीतरी बेंऽ करून ओरडलं.

अहिल्याबाई चप्पलसुद्धा नीट न घालता जिना उतरल्या.

अंगणात मेंढरं होती. अंगानं काळी, डोक्यानं पांढरी, आणि मागे ही एवढी चरबीची शेपटी. शेपटीचं त्यांना हसू आलं, पण लोकर लांब होती, चांगली होती. मेंढरांमागून एक म्हातारी आली. नखशिखांत काळ्या कपड्यात, नाका-तोंडावर बुरखा, नुसते डोळे उघडे. ही उम्म हम्माद, म्हणजे हम्मादची आई. हम्माद इस्पितळाची ॲम्ब्युलन्स चालवायचा आणि हिंदी लोकांत राहून हिंदी शिकला होता. म्हातारीला मात्र अरबीशिवाय काही येत नव्हतं, आणि अहिल्याबाईंना मराठीशिवाय काही नको होतं.

त्यांनी कमरेची टकळी काढून दाखवली. म्हातारीचे डोळे बारीक झाले. ती आत गेली आणि स्वतःची टकळी घेऊन आली. दोघींनी एकमेकींच्या हत्यारांकडे पाहिलं आणि दोघी एकदमच हसत सुटल्या. अहिल्याबाईंच्या टकळीची चकती खाली, म्हातारीच्या टकळीची वर. अहिल्याबाई काडी चुटकीनं फिरवून खाली सोडायच्या. म्हातारी ती मांडीवर घासून सोडायची, आणि ती गरगर फिरायची तीही उलट्या अंगानं.

"अगं, उलटी धरलीस की!" अहिल्याबाई म्हणाल्या.

म्हातारी अरबीत जे बोलली ते नक्की हेच होतं.

लोकर मिळाली. पोतंभर. पैसे म्हटल्यावर म्हातारीनं "ला, ला" करून हात झटकले आणि वर दटावलं.

आणि इथं अहिल्याबाईंनी जन्मात केली नव्हती अशी चूक केली. त्यांच्याकडे लोकर कातरल्यावर धूतच नाहीत. आधी मेंढरंच माणगंगेच्या डोहात घालायची, घासून लख्ख करायची, उन्हात हिंडवायची आणि मग कातरायची. कातरलेली लोकर कशी धुवायची, हा प्रश्नच त्यांना कधी पडला नव्हता. इथली लोकर तर तेलकट, वाळूनं भरलेली. नदी नव्हती. मोरीत मशीन होतं, ते रेखा चालवायची, आणि कुठली कळ दाबायची ते त्यांनी बघून ठेवलं होतं. गरम पाणी, साबण, वर झाकण. मशीन धडाडधूम नाचलं.

रेखा ड्युटीवरून आली तेव्हा सासू मशीनमधून एक काळी चपटी वीट उपसून काढत होती. लोकरीची लोकर राहिलीच नव्हती. केसाला केस चिकटून असा काही घट्ट गठ्ठा झाला होता की त्यावर कुऱ्हाड मारली असती तर कुऱ्हाडच बोथट झाली असती.

"आत्याबाई, हे काय?"

"तुझ्या मशीनला इच्यार. मी लोकर घातली हुती."

वीट त्यांनी टाकली नाही. पलंगाखाली सारली. अहिल्याबाईंच्या घरात वाया काही जात नसे, चूकसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी मान ताठ ठेवून पुन्हा भिंतीपलीकडे गेल्या आणि हातवारे करून काय झालं ते सांगितलं. उम्म हम्माद हसता हसता खाली बसली, बुरख्याच्या कडेनं डोळे पुसले, आणि मग उठून गार पाण्यात लोकर कशी नुसती बुडवून ठेवायची, चोळायची नाही, हलवायची नाही, ते दाखवलं. शेवटी अहिल्याबाईंच्या हातावर एक चापटसुद्धा मारली. त्या चापटीचा राग अहिल्याबाईंना आला नाही याचं त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

मग दिवस चांगले गेले. सकाळी दोघी अंगणात बसायच्या. बोटांनी लोकर पिंजायची, काटे-कुसळं काढायची, हलक्या हातानं लोकरीचे लांबट पेळू वळून मांडीवर रचायचे. मग दोन टकळ्या फिरायच्या, एक उजवी, एक डावी. कॉफी यायची, बोटाएवढ्या पेल्यात, कडू. ती म्हातारी यांना "उम्म हारिश" म्हणायची. हाताखाली लोकर आली की माणूस कुठल्याही देशात असला तरी आपल्याच वाड्यावर असतो, असं अहिल्याबाईंना वाटायचं. आणि धागा सलग, एकसारखा उतरू लागला की छातीतलं काहीतरी आपोआप सैल व्हायचं. कुवेत, इराक, अमेरिका त्या वेळेपुरते भिंतीपलीकडे राहायचे.

विणायला घेण्यापुरतं सूत झालं, पण माग कुठून आणायचा? वाड्यावर घोंगडी विणायला सणगर होता. इथं रेखा म्हणाली, "मी सुयांवर विणते."

"घोंगडी काय पायमोजा हाय?"

"मग तुम्ही विणा."

सून पहिल्यांदाच उलट बोलली होती. अहिल्याबाईंनी सूत तिच्या मांडीवर टाकलं. मनात म्हणाल्या, बरी हाय. कणा हाय पोरीला.

वीतभर विणून झालं आणि दिसलं की पांघरूण एका अंगाला कलतंय. चौकोन राहिलाच नव्हता, वाऱ्यानं झोडपलेल्या पिकासारखं सगळं तिरकं पडत होतं.

"तुझ्या सुया वाकड्या," अहिल्याबाई म्हणाल्या.

"सुया सरळ आहेत आत्याबाई. तुमच्या सुतालाच पीळ जास्त आहे, तो ओढतोय. सैल काता थोडं."

"आमच्यात पीळ सैल करायची रीत न्हाई."

"ते दिसतंच आहे," रेखा म्हणाली आणि विणत राहिली. तिरकं तर तिरकं.

जानेवारीत युद्ध लागलं. इस्पितळानं सगळ्यांच्या रजा रद्द केल्या, नोकरीवाल्यांना विषारी वायूपासून वाचायचे मुखवटे वाटले. पाहुण्यांना ते नव्हते. हरीशनं कुठून तरी खटपट करून आईसाठी एक आणला, खाकी पिशवीसकट. सांगितलं, ही पिशवी गळ्यातून काढायची नाही. मग एक खोली बंद करायला घेतली. खिडक्यांना चिकटपट्ट्या लावल्या, दाराच्या फटीत ओले टॉवेल घातले. फक्त एसीच्या बाजूची भलीमोठी फट काही केल्या बुजेना. कापूस सरकायचा, कागद गळून पडायचा. हरीशच्या कपाळावर घाम आला.

अहिल्याबाईंनी पलंगाखालून वीट काढली आणि त्या फटीत ठोकून बसवली. हरीशनं पट्टी लावायला हात पुढे केला, तर गरजच नव्हती.

"त्या मशीनला अक्कल हुती," त्या म्हणाल्या. "आधीच वळखलं हुतं त्यानं."

त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर श्यामकांत राहायचे. इस्पितळाच्या हिशेब खात्यातले साहेब, मराठी मंडळाचे अध्यक्ष, गणपतीच्या आरतीला ताट धरायचा मान त्यांचा. ते दारोदार फिरून सांगत होते की इथली विमानं बंद झालीत, पण मी जेद्दापर्यंत बसची सोय करतोय, तिथून मुंबई. बायका, मुलं, पाहुणे यांनी निघायचं. रेखाचे दिवस भरत आलेले, म्हणून ती एवढ्या लांबच्या बसमध्ये जाऊ शकत नव्हती, आणि हरीशला कफील, म्हणजे ज्याच्या परवान्यावर तो तिथं होता तो मालक, सोडत नव्हता. राहिल्या अहिल्याबाई.

"मावशी, तुमची जागा पक्की केली आहे."

"इच्यारलं हुतं कुणी मला?"

"अहो, हरीशनंच सांगितलं."

अहिल्याबाईंनी लेकाकडे पाहिलं. लेकानं जमिनीकडे.

"सूत अर्धं हाय," त्या म्हणाल्या. "टकळी अर्धी सोडून मी उंबरा वलांडत न्हाई."

त्यावर कुणाचं काही चाललं नाही. रीतच होती ती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या नेहमीसारख्या अंगणात गेल्या. उत्तरेकडून कुवेतच्या जळत्या तेलविहिरींचा काळपट धूर येत होता, वाळत घातलेल्या लोकरीवर काजळी बसत होती. लोकर मुळात काळी, तिला काय फरक पडतो. गळ्यातल्या खाकी पिशवीत मात्र एक बदल झाला होता. तिच्यात पेळू ठेवायला फार सोयीचं पडायचं, म्हणून मुखवटा घरी खुंटीला लागला होता.

मग एका संध्याकाळी, मगरिबची बांग होऊन गेल्यावर, हवाई हल्ल्याचा भोंगा वाजला. सगळी इमारत जिन्याकडे धावली, कारण तळघरात कपडे धुवायची खोली होती आणि तीच सुरक्षित म्हणायचे. हरीश ड्युटीवर. अहिल्याबाईंनी रेखाला भिंतीच्या बाजूला घेतलं, स्वतः मोकळ्या बाजूला राहिल्या आणि एकेक पायरी उतरू लागल्या. लोक वरून येत होते. "आरं, पोटुशी बाई हाय, दमानं!" त्या ओरडत होत्या. मागून श्यामकांत आले. तोंडाला मुखवटा, हातात मोठी सुटकेस. मुखवट्यातून त्यांना दिसत होतं किती कोण जाणे. सुटकेस अहिल्याबाईंच्या पाठीत बसली. त्या पुढे गेल्या, उजव्या हातावर पडल्या, आणि हाड मोडल्याचा आवाज त्यांनी भोंग्यातूनही ऐकला.

तळघरात रेखानं मनगट चाचपून बघितलं. श्यामकांत मुखवटा वर करून म्हणाले, "मावशी, मुखवटा घाला ना आधी!" रेखानं सासूच्या गळ्यातली पिशवी उघडली. आतून पेळू बाहेर पडले, एकामागून एक, काळे, मऊ. तळघरातले सगळे बघत राहिले.

"बघताय काय," अहिल्याबाई दात आवळून म्हणाल्या. "हुंगा. मेंढीचा वास हाय, मरत न्हाई कुणी."

हाताला कोपरापर्यंत प्लास्टर झालं. दुसऱ्या दिवशी हरीश समोर बसला. आवाज मऊ होता, म्हणून जास्त वाईट.

"आई, आता सूत कातता येणार नाही. होय ना? शुक्रवारी बस निघतेय. आता तरी जा. तुझी काळजी, रेखाची काळजी, ड्युटी... मी एकटा कुठं कुठं पुरू?"

तो खरं बोलत होता, आणि अहिल्याबाईंकडे जे खरं होतं ते त्यांनी कधी उच्चारलंच नव्हतं. डाव्या हातानं टकळी फिरवून पाहिली. धागा जाड-बारीक होऊन तुटला. पुन्हा जोडला. पुन्हा तुटला. आतल्या खोलीत रेखा अर्धवट पांघरूण मांडीवर घेऊन बसली होती. सुया हलत नव्हत्या. फोनवर ऐकला होता तसाच तिचा श्वास ऐकू येत होता.

शुक्रवारी सकाळी हरीशनं आईची पेटी खाली नेली. अहिल्याबाई खाली उतरल्या, पेटीजवळून गेल्या, बसजवळून गेल्या आणि भिंतीला वळसा घालून अंगणात शिरल्या.

उम्म हम्माद मेंढरांना पाणी पाजत होती. अहिल्याबाईंनी अर्धी भरलेली टकळी डाव्या हातानं पुढे धरली. मागायची सवय नव्हती त्यांना. गावात दुष्काळ पडला तेव्हा मागितलं नव्हतं, नवरा गेला तेव्हा मागितलं नव्हतं. शब्दही नव्हते. नुसता हात पुढे धरून उभ्या राहिल्या.

म्हातारीनं प्लास्टर बघितलं. टकळी बघितली. टकळी तिनं घेतली नाही. आत जाऊन स्वतःची आणली, ती उलटी, वर चकतीवाली. मग अहिल्याबाईंच्या धाग्याचं टोक चिमटीत धरून त्यांच्याकडे पाहिलं. विचारतच होती.

दुसऱ्याचा धागा. दुसऱ्याचा हात. उलटा पीळ. अहिल्याबाईंच्या डोळ्यांपुढे सासू उभी राहिली, पदर खोचून, नाक फुगवून. लेकराच्या नशिबाला गाठ पडंल गं, असं म्हणत.

"मामी," अहिल्याबाई मनातल्या मनात सासूला म्हणाल्या, "तुमच्या येळंला आभाळातनं बाम्ब पडत नव्हतं. गप बसा."

आणि त्यांनी दोन टोकं एकत्र धरली. एका हातानं गाठ बसेना, म्हणून दातांनी ओढून पक्की केली. गाठ पडायचीच आहे तर आपल्या दातांनी पडू दे.

"यल्ला," त्या म्हणाल्या. 'चल' म्हणायचा हा एक शब्द आता त्यांनाही येत होता.

म्हातारीनं टकळी मांडीवर घासली आणि सोडली. अहिल्याबाई पाण्याच्या कुंडावर बसून डाव्या हातानं पेळू मोकळे करून तिला पुरवू लागल्या.

श्यामकांत घामाघूम होऊन अंगणात आले, मागे हरीश, त्याच्या मागे हम्माद आणि सगळ्यांत शेवटी, पोट सावरत, रेखा.

"मावशी! बस भरून उभी आहे. तुमच्यापायी सगळे खोळंबलेत."

"मग हलवा की. मी काय चाकाखाली निजलीय?"

"अहो, इथं बॉम्ब पडतायत!"

"तुमची सुटकेस पडली तेवढा मोठा बाम्ब अजून तरी आला न्हाई."

हम्माद फस्सकन हसला. त्यानं आईला अरबीत सांगितलं, तीही हसली, पण टकळी थांबली नाही.

"आई," हरीश म्हणाला, "सूत तर आता तू कातत नाहीस. ती कातते आहे. तूच म्हणायचीस ना, एका हाताचं लागतं? मग आता काय राहिलं तुझं इथं?"

अहिल्याबाईंनी मांडीवरचे पेळू बाजूला ठेवले आणि उभ्या राहिल्या.

"ऐक. वाड्यावर लांडगा यायचा. तुझा जलम झाला त्या साली दावणीतली मेंढी वढून नेली हुती त्यानं. पर बाळंतिणीला एकटी टाकून वाड्यावरचं कुणी डोंगर चढलं न्हाई. माझी सासू माझ्या उशाला काठी घेऊन बसली. ती बाई माझ्याशी गोड कधी बोलली न्हाई, पर बसली." त्यांनी रेखाकडे बोट केलं. "दोन वेळा ही पोरगी एकटी हुती. तिसऱ्या येळंला न्हाई. सूत कुणाच्या का हातानं हुईना. आता घाल बशीत, उचलून घाल. बघू तुझ्या दंडात किती जोर हाय."

रेखा पुढे आली. तिनं सासूकडे पाहिलंसुद्धा नाही, वाकायला जड जात होतं तरी खाली बसली, म्हातारीच्या टकळीवर गुंडाळलेलं नवं सूत बोटानं चाचपलं आणि नवऱ्याला म्हणाली, "पेटी वर घेऊन ये हरीश. पांघरूण अर्धं आहे. सूत पिंजून द्यायला मला माणूस लागतं."

"सूत पिंजत न्हाईत, लोकर पिंजत्यात," अहिल्याबाई म्हणाल्या. "नर्स झालीस नुसती."

बस गेली. रजा रद्द असूनही श्यामकांत त्याच बसमधून गेले. कुणी तरी पाहुण्यांबरोबर जायला हवं, असं त्यांनी सगळ्यांना समजावून सांगितलं.

रेखा त्या दोन सुतांतून विणत गेली. आणि मजा अशी झाली की म्हातारीचं सूत लागल्यापासून पांघरूण दुसऱ्या अंगाला कलायला लागलं. अहिल्याबाईंचा पीळ ज्या बाजूला ओढत होता, त्याच्या बरोबर उलट हा ओढत होता. भोंगे वाजत, सासू-सून दोघी त्या बंद खोलीत वीट ठोकलेल्या एसीखाली बसत, आणि रेखा ओळीवर ओळ चढवत राही. तिला कळा सुरू झाल्या तेव्हा शेवटचा काठ बंद करायचा होता. तो तिनं इस्पितळाच्या खाटेवर, दोन कळांच्या मध्ये, बंद केला. उशाशी अहिल्याबाई बसल्या होत्या. काठी नव्हती, पण प्लास्टरचा हात काठीपेक्षा कमी नव्हता. प्रसूतीच्या खोलीत नातेवाईक चालत नाहीत म्हणणाऱ्या एका सिस्टरला त्यांनी तो नुसता दाखवला.

मुलगी झाली. रडली ती भोंग्याच्या वर आवाज काढून रडली, आणि अहिल्याबाईंनी मान डोलावली. घराण्याचा आवाज होता.

हरीशनं खाटेवर पांघरूण पसरलं. काळं, राठ, मेंढीचा वास येणारं. अर्धं डावीकडे कललेलं, अर्धं उजवीकडे, मध्ये बैलाच्या गुडघ्यासारखा बाक.

"आई, हे पार वाकडं झालंय गं," तो म्हणाला. "उसवून एकाच सुताचं करायचं का पुन्हा? तुझा हात बरा झाल्यावर?"

उम्म हम्माद दारात उभी होती, कॉफीचा थर्मास घेऊन. तिला शब्द कळले नाहीत, पण हरीशचं बोट कुठं होतं ते तिनं पाहिलं. थर्मास हळूच खाली ठेवला.

अहिल्याबाईंनी डाव्या हाताचं बोट पांघरुणावरून फिरवलं. बाकावर आलं तेव्हा ते थांबलं. तिथं गाठ होती. बारीक, दातांनी आवळलेली, बोटाला टोचणारी.

"उसवायला हात लाव, मग बघ," त्या म्हणाल्या. "आण पोरीला. हितं टेकव. न्हाई, काठाला न्हाई. मधी, गाठीवर."

"गाठीवर?"

"गाठीवरच. आन वाड्यावर जाऊन सांग सगळ्यांना, सूत दोन हातांचं हाय, आन एक हात उलटा हाय. ज्याला नाव ठेवायचं त्यानं आधी या पोरीला उचलून दाखवावं."

हरीशनं पोरीला गाठीवर टेकवलं. पोरीनं हातपाय झाडले, मूठभर काळी लोकर पकडली आणि सोडायला तयार होईना. अहिल्याबाई मागे वळून दाराकडे बघत खेकसल्या, "तू काय लांब उभी ऱ्हायलीस गं? ये की पुढं. आजी तू बी हाईस."

हम्माद भाषांतर करायला निघाला, पण त्याची आई तोवर खाटेपाशी पोचली होती.